सत्तावन्न अणूंचं एन्झाइम: क्वांटम जैवरसायनातला पदवीचा पहिला प्रकल्प

कोरिस्मेट म्यूटेज या एन्झाइमच्या सक्रिय स्थळाचं, म्हणजे अभिक्रिया घडते त्या खोबणीचं, ५७ अणूंचं छोटं प्रारूप केलं, तर डीएफटी (इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा काढणारी क्वांटम पद्धत) त्याची एकूण ऊर्जा साधारण −१५५० हार्ट्री सांगते. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी प्रति मोल. म्हणजे आकडा झाला पावणेदहा लाख किलोकॅलरीच्या आसपास, आणि आपण शोधतोय तो अभिक्रियेच्या वाटेवरचा ऊर्जेचा अडथळा १५ ते २५ किलोकॅलरींचा. दोन अवाढव्य आकड्यांची वजाबाकी करून मूठभर फरक काढायचा, आणि तोही शक्यतो एका किलोकॅलरीच्या आत. कारण २५ अंश सेल्सिअसला अडथळा १.३६ किलोकॅलरीने चुकला की अभिक्रियेचा वेग दहापट चुकतो.

हे जमतं, कारण दोन्ही बाजूंना, म्हणजे अभिकारकात आणि अडथळ्याच्या माथ्यावरच्या अवस्थेत (ट्रान्झिशन स्टेट), होणाऱ्या चुका बहुतांशी सारख्या असतात आणि वजाबाकीत उडून जातात. मात्र त्या सारख्या राहाव्यात ही जबाबदारी आपली. पदवीच्या प्रकल्पात जे काही बिघडतं त्यातलं बहुतेक इथेच बिघडतं: अभिकारक एका प्रभारावर आणि ट्रान्झिशन स्टेट दुसऱ्यावर, एकीकडे हायड्रोजन बंध फिरलेला आणि दुसरीकडे नाही, एका फाइलमध्ये द्रावक आणि दुसरीत निर्वात. फंक्शनल (डीएफटीतलं ऊर्जेचं अंदाजी सूत्र) कोणतं घ्यावं यावर आठवडाभर चर्चा होते, आणि प्रभार मात्र कुणी कागदावर मोजलेला नसतो.

नाव ऐकून काहींना वाटतं की यासाठी क्वांटम कॉम्प्युटर लागतो. लागत नाही. ८ ते १६ कोअर आणि ३२ जीबी मेमरीचा साधा संगणक या प्रकल्पाला पुरतो.

आता हेच एन्झाइम का? ते कोरिस्मेटचं प्रिफेनेट करतं, आणि ही क्लेसन पुनर्रचना आहे. एक कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो, एक कार्बन-कार्बन बंध जुळतो आणि सगळं एकाच टप्प्यात होतं. एन्झाइम आणि सब्स्ट्रेट (ज्यावर ते काम करतं तो रेणू) यांच्यात मधल्या टप्प्यावरही सहसंयुज बंध तयार होत नाही. धातू नाही, मोकळा इलेक्ट्रॉन नाही, प्रोटॉन इकडून तिकडे जात नाही. शिवाय हीच अभिक्रिया नुसत्या पाण्यातही होते, त्यामुळे तुलनेला प्रयोगाचे दोन आकडे हाताशी आहेत: पाण्यात मुक्त ऊर्जेचा अडथळा सुमारे २४.५ किलोकॅलरी, तर बॅसिलस सबटिलिसच्या एन्झाइममध्ये सुमारे १५.४. नऊ किलोकॅलरींचा हा फरक म्हणजे वेगात दहा लाखपटींहून मोठी वाढ. सायटोक्रोम पी४५० किंवा नायट्रोजनेज कितीही आकर्षक वाटले तरी पहिल्या सहा महिन्यांसाठी ते घेऊ नयेत. लोहाच्या स्पिन अवस्थांमध्ये अनुभवी माणसंही अडकतात.

कामाची सुरुवात एन्झाइमपासून करायची नाही, पाण्याच्या एका रेणूपासून करायची. हार्ट्री-फॉक (सर्वांत साधी क्वांटम पद्धत) आणि एसटीओ-३जी हा छोटा बेसिस सेट (ऑर्बिटल रचायच्या गणिती फंक्शन्सचा संच) वापरून भूमिती ऑप्टिमाइझ केली, म्हणजे ऊर्जा सर्वांत कमी होईपर्यंत अणू हलवले, की ऊर्जा सुमारे −७४.९७ हार्ट्री यायला हवी. दुसरंच काही आलं तर अँगस्ट्रॉमच्या जागी बोर (लांबीचं दुसरं एकक) वाचलं गेलंय, प्रभार चुकलाय किंवा प्रोग्राम नीट बसलेला नाही. त्यानंतर फ्रिक्वेन्सी काढा. पाण्याला तीन कंपनं आहेत, तीनही धन यायला हवीत. हा अर्ध्या तासाचा सराव पुढचे कित्येक दिवस वाचवतो.

पुढची पायरी म्हणजे एकटा सब्स्ट्रेट. शरीरक्रियेच्या पीएचला कोरिस्मेटचे दोन्ही कार्बोक्झिल गट प्रोटॉन सोडून बसलेले असतात. सूत्र सी१०एच८ओ६, प्रभार −२, अणू २४, इलेक्ट्रॉन ११८. संख्या सम आली, म्हणजे सिंगलेट (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत) शक्य आहे. विषम आली असती तर कुठेतरी एक हायड्रोजन कमी किंवा जास्त झालाय हे लगेच कळलं असतं. ही बेरीज प्रत्येक प्रारूपासाठी वहीत करा. प्रोग्राम फक्त प्रभार आणि मल्टिप्लिसिटी (जोडीविना इलेक्ट्रॉन किती ते सांगणारा आकडा) एकमेकांशी जुळतात का एवढंच बघतो, रसायन बरोबर आहे का हे बघत नाही.

रेणू काढताना त्रिमितीय रचना सांभाळा. नैसर्गिक कोरिस्मेटमध्ये तिसरा आणि चौथा कार्बन दोन्ही आर मांडणीचे आहेत, ईथरचा ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल ट्रान्स, म्हणजे वलयाच्या विरुद्ध बाजूंना. स्माइल्समधलं (रेणू अक्षरांत लिहायची पद्धत) एक चिन्ह विसरलं की सिस रेणू तयार होतो, गणित सुरळीत चालतं आणि उत्तर भलत्याच पदार्थाचं येतं. आधी क्रेस्ट हा प्रोग्राम आणि जीएफएन२-एक्सटीबी ही झटपट पद्धत वापरून पाण्याच्या द्रावक-प्रारूपात कॉन्फॉर्मर, म्हणजे बंधांभोवती फिरून होणारी रेणूची वेगवेगळी रूपं, शोधा, मग सर्वांत खालचे आठ-दहा डीएफटीने पुन्हा ऑप्टिमाइझ करा.

हे कॉन्फॉर्मर प्रकरण या प्रकल्पातलं सर्वांत शिकवणारं आहे, म्हणून इथे घाई नको. वलयावरचे ईथर आणि हायड्रॉक्सिल हे दोन्ही गट एक तर विषुवीय (साधारण वलयाच्या पातळीत) असतात किंवा अक्षीय (साधारण तिच्याशी काटकोनात). नवा कार्बन-कार्बन बंध जुळायला दोन टोकं समोरासमोर यावी लागतात, आणि ती फक्त अक्षीय रूपात येतात. पाण्यात मात्र विषुवीय रूपाचं प्रमाण जास्त आहे, हे एनएमआरने दाखवलंय. पाण्यातला अडथळा मोजताना तुम्ही अक्षीय रूपापासून मोजलात, तर ते रूप घ्यायला लागणारी ऊर्जा हिशोबातून गळते आणि अडथळा खोटा कमी दिसतो. पाण्यासाठी मोजणी नेहमी सर्वांत कमी मुक्त ऊर्जेच्या कॉन्फॉर्मरपासून करायची.

निर्वातात हा डायअॅनायन मुळीच चालवू नका. दोन ऋण प्रभार एकमेकांना ढकलतात, हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन जवळच्या कार्बोक्झिलेटकडे वळतो आणि रेणू असा गुंडाळला जातो की पाण्यातल्या रूपाशी त्याचं काही नातं राहत नाही. सर्वांत वरच्या भरलेल्या ऑर्बिटलची ऊर्जा धन दिसली, तर तो इलेक्ट्रॉन रेणूला नीट बांधलेलाच नाही असं समजा. सीपीसीएम किंवा एसएमडी हे द्रावक-प्रारूप पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

ट्रान्झिशन स्टेट शोधायला रिलॅक्स्ड स्कॅन करा: एक अंतर पक्कं धरायचं आणि बाकी रेणू मोकळा सोडायचा. जुळणाऱ्या दोन कार्बनमधलं अंतर ३.२ वरून १.६ अँगस्ट्रॉमपर्यंत ०.१ च्या पावलांनी आणायचं, म्हणजे १७ बिंदू होतात. ऊर्जेचा आलेख गुळगुळीत चढून उतरायला हवा. मध्येच करवतीच्या दातासारखा कोसळला तर बंधाशिवाय दुसरं काहीतरी हललंय, बहुतेक वेळा हायड्रॉक्सिल गट फिरलेला असतो. अशा वेळी उलट दिशेने, प्रिफेनेटकडून कोरिस्मेटकडे स्कॅन करा. दोन्ही आलेख जुळले नाहीत तर दोन वेगळ्या वाटा एकमेकींत मिसळल्या आहेत. माथ्यावरची भूमिती घेऊन ट्रान्झिशन स्टेटचं ऑप्टिमायझेशन चालू करा. सुरुवातीला हेसियन (ऊर्जेच्या वक्रतेचं कोष्टक) खरोखर मोजायला सांगा आणि दर पाच पावलांनी पुन्हा मोजायला सांगा. अंदाजी हेसियनवर ही शोधमोहीम बऱ्याचदा दरीत घसरते आणि शेवटी अभिकारकच हाती येतो.

सापडलेली अवस्था तीन कसोट्यांवर उतरायला हवी. काल्पनिक फ्रिक्वेन्सी नेमकी एकच हवी. प्रोग्राम ती ऋण चिन्हाने छापतो, आणि इथे ती काही शे प्रति सेंटिमीटर असते. त्या कंपनाचं चलचित्र उघडल्यावर एक बंध तुटताना आणि दुसरा जुळताना दिसायला हवा. −३० च्या आसपासचा आकडा आणि गरगरणारा हायड्रॉक्सिल गट दिसला तर ती आपली अवस्था नव्हे. तिसरी कसोटी आयआरसीची: माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरत गेल्यावर एकीकडे कोरिस्मेट आणि दुसरीकडे प्रिफेनेट मिळायला हवं. ही तिसरी कसोटी वेळेअभावी गाळली जाते. गाळू नका, कारण अहवाल वाचणारा सर्वांत आधी तीच विचारतो.

एवढं झालं की एन्झाइमकडे वळायचं. प्रोटीन डेटा बँकेतली २सीएचटी ही रचना घ्या: बॅसिलस सबटिलिसचं एन्झाइम, रेझोल्यूशन २.२ अँगस्ट्रॉम, सक्रिय स्थळात ट्रान्झिशन स्टेटसारखा दिसणारा अवरोधक. हे एन्झाइम तीन साखळ्यांचं आहे आणि प्रत्येक सक्रिय स्थळ दोन साखळ्यांच्या सांध्यावर बसतं. सवयीने एकच साखळी ठेवून बाकीच्या पुसल्या, तर सक्रिय स्थळाची एक भिंतच नाहीशी होते. तेव्हा साखळ्या पुसण्याआधी अवरोधकापासून ५ अँगस्ट्रॉमच्या आतले सगळे अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) निवडा आणि कोणता अवशेष कोणत्या साखळीतला आहे ते लिहून ठेवा.

क्ष-किरण रचनेत या रेझोल्यूशनला हायड्रोजन दिसत नाहीत. ते आपण घालतो, आणि तिथेच प्रोटोनेशनचा, म्हणजे कुणावर प्रोटॉन आहे याचा, प्रश्न उभा राहतो. हिस्टिडीनची तीन रूपं शक्य असतात. अॅस्पॅराजीन आणि ग्लूटामीनच्या टोकाचा ऑक्सिजन आणि नायट्रोजन इलेक्ट्रॉन घनतेत सारखेच दिसतात, त्यामुळे ते अदलाबदल झालेले असू शकतात. प्रोपकासारखा प्रोग्राम पीकेएचा (कोणत्या पीएचला प्रोटॉन सुटतो त्याचा) अंदाज देतो, पण तो अंदाजच आहे. प्रत्येक संशयास्पद अवशेषाभोवती कोण हायड्रोजन देतंय आणि कोण घेतंय हे पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डोळ्यांनी बघा. आणखी एक सापळा: काही अवशेषांच्या दोन पर्यायी जागा एकाच फाइलमध्ये असतात. दोन्ही राहिल्या तर अणूंवर अणू चढतात आणि एससीएफ, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं उत्तर फेऱ्या-फेऱ्यांनी जुळवणारं गणित, काही केल्या स्थिरावत नाही.

पहिलं प्रारूप मुद्दाम लहान ठेवा. सब्स्ट्रेटचे २४ अणू, अर्जिनीन ९० आणि अर्जिनीन ७ यांच्या जागी मिथाइलग्वानिडिनियम, प्रत्येकी १३ अणू, आणि ग्लूटामेट ७८ च्या जागी ७ अणूंचा अॅसिटेट. एकूण ५७. प्रभार −२, +१, +१ आणि −१, म्हणजे −१. इलेक्ट्रॉन ११८, ४०, ४० आणि ३२, म्हणजे २३०. पुन्हा सम. डेफ२-एसव्हीपी बेसिस सेटमध्ये ३० जड अणूंची प्रत्येकी १४ आणि २७ हायड्रोजनांची प्रत्येकी ५, अशी ५५५ फंक्शन्स होतात. डेफ२-टीझेडव्हीपीमध्ये हीच संख्या १०९२ होते. म्हणून भूमिती लहान बेसिसमध्ये आणि शेवटची ऊर्जा मोठ्यात, ही रूढ वाट आहे.

अवशेष तोडताना साधा कार्बन-कार्बन एकेरी बंधच तोडायचा. पेप्टाइड बंध किंवा ग्वानिडिनियमचा कार्बन-नायट्रोजन बंध कधीच नाही. तुटलेल्या टोकाला १.०९ अँगस्ट्रॉमवर हायड्रोजन बसवा आणि तोडलेल्या ठिकाणचा कार्बन व तो हायड्रोजन जागच्या जागी गोठवा. गोठवलं नाही तर अर्जिनीन मोकळं सुटून कार्बोक्झिलेटला जाऊन चिकटतं आणि एन्झाइमची मांडणीच मोडते. गोठवलेल्या अणूंची यादी सगळ्या फाइलींमध्ये अक्षरशः एकच हवी. अभिकारकात सहा आणि ट्रान्झिशन स्टेटमध्ये पाच अणू गोठवलेत, तर वजाबाकी वाया गेली.

सब्स्ट्रेट आत ठेवायची युक्ती अशी: स्फटिकात खरा सब्स्ट्रेट नाही, ट्रान्झिशन स्टेटची नक्कल आहे. म्हणून आधी मिळवलेली २४ अणूंची ट्रान्झिशन स्टेट तिच्यावर बसवायची, दोन कार्बोक्झिलेट आणि ईथरचा ऑक्सिजन जुळवून. मग तुटणारे-जुळणारे बंध पकडून ठेवून बाकीचे अणू मोकळे करा, त्यानंतर पूर्ण शोध घ्या. अभिकारक वेगळा बांधत बसू नका. माथ्यावरून आयआरसीने खाली उतरा, म्हणजे आजूबाजूचे हायड्रोजन बंध दोन्ही टोकांना तसेच राहतात.

गोठवलेल्या अणूंमुळे एक-दोन क्षुल्लक काल्पनिक फ्रिक्वेन्सी दिसतात, साधारण ५० प्रति सेंटिमीटरच्या आत. कंपन गोठवलेल्या टोकाचंच आहे हे चलचित्रात पाहून घ्या आणि तशी नोंद करा. अशा प्रारूपात एन्ट्रॉपीच्या आकड्यावर फार विसंबू नये. २० ऐवजी १० प्रति सेंटिमीटरचं कंपन आलं की एवढ्यानेच मुक्त ऊर्जा ०.४ किलोकॅलरी सरकते, आणि अशी मऊ कंपनं डझनभर असतात. १०० च्या खालची कंपनं १०० वर आणून मोजणं किंवा ग्रिम यांचं २०१२ मधलं अर्धदृढ घूर्णक सुधारण वापरणं, हे दोन मार्ग रूढ आहेत. कुठलाही घ्या, पण सगळीकडे तोच. आणि फ्रिक्वेन्सी ज्या पातळीवर भूमिती ऑप्टिमाइझ केली त्याच पातळीवर काढायची, नाहीतर त्या आकड्यांना अर्थ नाही.

द्रावकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक क्लस्टरसाठी (एन्झाइममधून कापून काढलेल्या अशा प्रारूपासाठी) सहसा ४ घेतात. तो ४, ८ आणि ८० ठेवून तीन वेळा ऊर्जा काढा. ५७ अणूंच्या प्रारूपात अडथळा यावर चांगलाच हलेल, कारण प्रभार उघड्यावर आहेत. टायरोसीन १०८, सिस्टीन ७५, जवळचे पाण्याचे रेणू आणि मुख्य साखळीचे तुकडे घालून प्रारूप दीडशे-दोनशे अणूंवर नेलं की हे हलणं कमी होतं. प्रारूप पुरेसं मोठं झालं का, याची ही सोपी आणि प्रामाणिक चाचणी आहे.

आता पद्धतीबद्दल. बी३एलवायपी या प्रचलित फंक्शनलला डिस्पर्शन (अणू-रेणूंमधलं क्षीण आकर्षण) कळत नाही, म्हणून डी३ हे सुधारण जोडल्याशिवाय ते वापरू नका. नुसतं हार्ट्री-फॉक इथे अडथळा दुपटीहून जास्त दाखवतं, बी३एलवायपी तो थोडा कमी दाखवतं. २००६ मध्ये याच एन्झाइमवर क्यूएम/एमएमच्या (सक्रिय स्थळ क्वांटम पद्धतीने, बाकी एन्झाइम साध्या यांत्रिकीने) अनेक मार्गांची सरासरी घेऊन स्थानिक कपल्ड क्लस्टर या अधिक अचूक पद्धतीने काढलेली अडथळ्याची एन्थाल्पी प्रयोगाच्या १२.७ किलोकॅलरींपासून सुमारे एका किलोकॅलरीच्या आत आली होती. तुमच्याकडे ऑर्का हा प्रोग्राम असेल तर डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी) ही त्याच कुळातली पद्धत चालवून आपल्या फंक्शनलची परीक्षा २४ अणूंवर घ्या. तिथे उत्तर पटलं तरच ५७ वर विश्वास ठेवा.

दोन प्रोग्रामांचे आकडे एकमेकांतून वजा करू नका. ऑर्कातलं बी३एलवायपी आणि गाऊशियनमधलं बी३एलवायपी यांत सहसंबंधाचा एक घटक वेगळ्या सूत्राचा आहे. गाऊशियन ६-३१जी(डी) मध्ये सहा डी फंक्शन्स घेतं, ऑर्का पाच. नाव एकच, ऊर्जा वेगळी.

एससीएफ स्थिरावलं नाही की विद्यार्थी आधी चक्रांची मर्यादा वाढवतात. त्याने क्वचितच काही होतं. क्रम असा ठेवा: प्रभार मोजा, भूमितीत ०.८ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ आलेले अणू शोधा, द्रावक चालू आहे का बघा, लहान बेसिसमध्ये ऑर्बिटल मिळवून मोठ्यात वाचायला द्या, आणि मगच डॅम्पिंग किंवा लेव्हल शिफ्ट वापरा. निर्वातात प्रभारित अवशेषांच्या मोठ्या क्लस्टरवर हार्ट्री-फॉकचा अंश नसलेलं फंक्शनल चालवलं, तर भरलेल्या आणि रिकाम्या ऑर्बिटलमधली फट जवळपास बंद होते. तो दोष एन्झाइमचा नाही, पद्धतीचा आहे.

मेमरीचंही थोडं. ऑर्कात मॅक्सकोअरचा (मेमरीच्या मर्यादेचा) आकडा प्रत्येक कोअरसाठी असतो. ८ कोअर आणि ४००० एमबी म्हणजे ३२ जीबी मागितले, आणि प्रोग्राम कधीकधी त्याहून जास्त घेतो. अशा संगणकावर ३००० ठेवा. समांतर चालवताना प्रोग्रामचा पूर्ण पथ द्यावा लागतो. तात्पुरत्या फाइली नेटवर्कवरच्या फोल्डरऐवजी स्थानिक डिस्कवर लिहा. संख्यात्मक फ्रिक्वेन्सीला ५७ अणूंसाठी ३४२ ग्रेडियंट लागतात, म्हणून शक्य तिथे वैश्लेषिक हेसियन मागा. हार्ट्रीतले आकडे निदान सहा दशांश स्थळांपर्यंत नोंदवा, कारण ०.००१ हार्ट्री म्हणजेच ०.६३ किलोकॅलरी.

नोंदवहीत प्रत्येक गणनेची एक ओळ: फाइलचं नाव, प्रोग्रामची आवृत्ती, फंक्शनल, बेसिस, ग्रिड, द्रावक, प्रभार, गोठवलेले अणू, ऊर्जा, काल्पनिक फ्रिक्वेन्सींची संख्या. वजाबाकी करण्याआधी दोन ओळी शेजारी ठेवून बोट फिरवा. फाइलचं नाव, ऊर्जा आणि काल्पनिक फ्रिक्वेन्सींची संख्या सोडून काही वेगळं दिसलं तर थांबा.

हे सगळं बसलं की खरा संशोधनाचा प्रश्न विचारता येतो, आणि तोही फक्त एक नायट्रोजन बदलून आणि दोन हायड्रोजन काढून. प्रयोगशाळेत अर्जिनीन ९० च्या जागी सिट्रुलीन बसवलं गेलंय. त्याचा आकार जवळपास तोच, पण त्यावर धन प्रभार नाही. वेग दहा हजारपटींहून जास्त घटला. तुमच्या प्रारूपात याचं रूप म्हणजे एका मिथाइलग्वानिडिनियमच्या जागी मिथाइलयुरिया: १३ ऐवजी ११ अणू, इलेक्ट्रॉन तेच ४०. एकूण अणू ५५, प्रभार −२, इलेक्ट्रॉन २३०. युरियाचा ऑक्सिजन कुठल्या दिशेला ठेवायचा याचे पर्याय आहेत, ते सगळे चालवा. नाहीतर ऑक्सिजन ईथरच्या ऑक्सिजनसमोर येऊन अडथळा विनाकारण वाढतो आणि उत्तर मनासारखं आलं म्हणून कुणी तपासत नाही. प्रत्येक पर्यायासाठी अभिकारक आणि ट्रान्झिशन स्टेट दोन्ही नव्याने काढा आणि अडथळ्यातली वाढ अर्जिनीनच्या तुलनेत मांडा. दहा हजारपट म्हणजे साधारण साडेपाच किलोकॅलरी. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ आणि ८० या दोन्हींना ही वाढ किती येते ते तक्त्यात शेजारी लिहा. त्या दोन आकड्यांमधलं अंतर तीन-चार किलोकॅलरींपेक्षा मोठं असेल, तर पुढचं सत्र प्रारूप वाढवण्यात किंवा क्यूएम/एमएमकडे जाण्यात घालवावं लागेल.